देवाच्या कृपेने ठीक

३ फेब्रुवारी

चिमे,

मायना मुद्दामच लिहिला नाही. 'आशीर्वाद' लिहावा तर तुला तो चालतो की नाही माहीत नाही, आणि 'महोदया' लिहावं तर तुझी वेणी मी घातलेली आहे. तेव्हा नुसतं चिमे. पाकिटावर मात्र उपसंचालक वगैरे सगळं लिहिलं आहे, म्हणजे तुमचा शिपाई ते मधेच कुठे टाकून देणार नाही. फोनही केले होते. दर वेळी तू बैठकीत होतीस.

आई गेली तेव्हा मी तुला 'या घरात पुन्हा पाऊल ठेवू नकोस' म्हटलं होतं. ते मी मागे घेतलेलं नाही. हे पत्र वेगळ्या कामाचं आहे.

तुमच्या खात्याने व्यसनं आणि मनाचे आजार कमी करायचा पाच वर्षांचा आराखडा केला आहे. पेपरात आला. ह्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. फोटोत तू टेबलाच्या टोकाला आहेस, चष्मा कपाळावर सरकवलेला. तुला चष्मा लागला हे सख्ख्या बहिणीला पेपरातून कळलं, असो.

त्या आराखड्यात आमच्या भागातली वरची खोली बंद करायची ठरली आहे. तुला कदाचित ती माहीत नसेल. बस डेपोच्या पार्सल ऑफिसवर दोन खोल्या आहेत. सरकारी नाव एवढं लांब की पाटीवर दोन ओळींत दाटीवाटीने बसवलं आहे. आम्ही वरची खोली म्हणतो. 'भाऊ कुठे जातो रोज सकाळी?' असं कुणी विचारलं तर 'वर जातो' सांगून मोकळं होता येतं. शेजारची शिंपीणबाई एकदा म्हणाली, "अहो, असं नका सांगू, ऐकणारा भेटायला यायचा पांढरे कपडे घालून!"

आपला दादू तिथे जातो. पेपरात तुझ्या नावापुढे एवढं सगळं लिहून येतं, पण तुला धाकटा भाऊ आहे हे येत नाही, म्हणून आठवण करून देते. शेंडेफळ असून सगळ्यांवर दादागिरी करायचा तो दादू. पंख्यांच्या मोटारी गुंडाळण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मग दारू लागली, आणि दारूच्या मागून आवाज आले, की आवाजांच्या मागून दारू, ते देवाला माहीत. दोन्ही एकाच माणसात आहेत एवढं मला माहीत आहे. वरच्या खोलीत दोन्हींचं औषध एकाच टेबलावर मिळतं. तिथली सिस्टर गोळी देते, तोंड उघडायला लावते, जीभ वर करायला लावते. दादू म्हणतो, "सिस्टर, आत अजून एक सापडली तर ती तुमची." वर्षभर त्याने दारूला हात लावलेला नाही. तिथला टेबलफॅन त्यानेच दुरुस्त केला.

आवाज अजून येतो अधूनमधून. आईचा येतो. ती त्याला काय सांगते ते मी तुला लिहिणार नाही. सिस्टरने मला शिकवलं आहे, "वाद घालायचा नाही, आणि 'हो' पण म्हणायचं नाही. 'मला नाही ऐकू आलं रे' एवढंच म्हणायचं. त्याच्याशी एकदाही खोटं बोलू नका. तुमच्या शब्दावर तो उभा आहे." तेव्हापासून मी त्याच्याशी खोटं बोललेली नाही.

नव्या आराखड्याप्रमाणे दारूचा दवाखाना नदीपलीकडे आणि मनाचा टेकडीवर. हे कुणाच्या डोक्यातून निघालं ते विचारत नाही. खोली बंद करू नका, एवढं काम कर.

ताई


१९ फेब्रुवारी

चिमे,

उत्तर मिळालं. टाइप केलेलं, खाली सही. एवढा जाड कागद आणि मागची बाजू कोरी, म्हणून त्याच्यावरच लिहिते आहे. तुमच्या कचेरीत असे किती कागद एका अंगाने वाया जात असतील.

तू लिहितेस की घरोघर पाहणी झाली आणि आमच्या भागात 'गरज अत्यल्प' आढळली. जिथे गरज जास्त तिथे साधनं वळवायची, हे तत्त्व आहे. पाहणीचे प्रश्न तू स्वतः तयार केलेस हेही लिहितेस.

पाहणीची मुलगी आमच्याकडे आली होती. चांगली होती, घाम पुसत होती, मी पाणी दिलं. दिवेलागणीची वेळ. देवासमोर दिवा लावून मी नुकती उठले होते, बोटांना तेल तसंच. तिने दारात उभी राहून विचारलं, "घरात कुणाला व्यसन? कुणाला मनाचा त्रास, भास वगैरे?"

मी काय सांगितलं असेल, चिमे?

दाराच्या मागे दादू उभा होता, हातात ताट घेऊन. मुलगी गेल्यावर म्हणाला, "ताई, मला या घरात धरत नाहीत का?"

आणि मी एकटीच नाही. दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्याच जणी आपापली उत्तरं सांगत होत्या, एकीपेक्षा एक वरचढ. शिंपीणबाईने सांगितलं, आमच्याकडे चहासुद्धा कडक घेत नाहीत. त्या घडीला तिचा नवरा शिवणयंत्रावर डोकं टाकून पडला होता, सुई कानापासून बोटभर. हवालदारीणबाईने सांगितलं, मुलगा परगावी शिकायला असतो. तो आतल्या खोलीत असतो, आणि ती दाराखालून ताट सरकवते. आम्ही हसलोसुद्धा.

आता तूच सांग. आपल्या घरात बाबा उंबऱ्यावर आडवे पडलेले असायचे आणि आई त्यांच्यापुढे पदर पसरून उभी राहायची. घरमालक विचारायचा, "काय वहिनी, बरं आहे ना?" आई चौकटीला हात लावून म्हणायची, "देवाच्या कृपेने सगळं ठीक आहे." तो गेला की तू तिची नक्कल करायचीस. पदर म्हणून पंचा घ्यायचीस, चौकटीला तसाच हात, 'ठीक' वर तसाच जोर, आणि 'आहे' गिळून टाकलेलं. डोळे मिटले तर आईच. दादू पोट धरून लोळायचा आणि 'परत कर, परत कर' म्हणायचा. मी मात्र तुला रागवायचे.

आई गेली तेव्हा आल्यागेल्यांच्या समोर तूच ओरडलीस की बाबा दारूने गेले आणि आई गप्प राहून राहून गेली, आणि तुम्ही सगळे तिला गप्प ठेवत होता. खरं होतं ते. म्हणून तर तुला घराबाहेर काढलं.

मग असं कसं झालं? ती मुलगी शिकाऊ होती, तिला कळलं नाही, समजू शकते. पण आमच्या गल्लीतून सगळ्या घरांचं 'ठीक' आलं, तेव्हा ते तुला ऐकू आलं नाही? तू तर त्याची नक्कल करायचीस.

हे पत्र कचेरीच्या उत्तरासारखं 'नोंद घेतली' म्हणून ठेवू नकोस.

ताई


११ मार्च

चिमे,

खोली बंद झाली.

त्याआधी जे केलं ते लिहिते. मी दारोदार गेले. म्हटलं, आपण दिलेली उत्तरं परत घेऊ, नवी देऊ. शिंपीणबाई दार अर्धवट लोटून म्हणाली, "ताई, तोंडचं विसरतात लोक. लिहून दिलं की ते कायमचं. माझ्या पोरीचं जमतंय कुठे आत्ता." एकीने तर मलाच विचारलं, "तुमच्याकडे आहे का कुणी तसं?" दादू तिच्याच घरचा पंखा दुरुस्त करत होता तेव्हा.

तरी चौघीजणी तयार झाल्या. शेवटी शिंपीणबाईही आली, तोंडावर पदर घेऊन, जणू चोरी करायला निघालो आहोत. वॉर्ड कचेरीतल्या कारकुनाने आमचं ऐकून घेतलं, हे त्याचे उपकार.

"पाहणी बंद झाली, बाई. आता दुरुस्ती पुढच्या पाहणीत."

"ती कधी?"

"आराखडा संपला की. पाच वर्षांनी."

"तोवर माणसांनी काय करायचं?"

"म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं सांगितलंत, असं लिहू का?"

हवालदारीणबाई पुढे झाली. म्हणाली, "खोटं कसलं? दारात आलेल्याला असंच सांगतात. तुमच्या आईने काय सांगितलं असतं?"

तो हसला. म्हणाला, "आईचा रकाना नाही आमच्याकडे."

मला त्याचा राग आला नाही. तुझा आला. रकाने त्याने नाही पाडले.

खोलीतलं सामान उतरवलं तेव्हा दादू गेला होता. कपाट दोराने खाली सोडत होते. टेबलफॅन एका हमालाने बखोटीला मारला तशी दादूने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, "हळू. याची तार मी भरली आहे." जिन्यावरून तोच घेऊन उतरला आणि टेम्पोत नीट, गोणपाटावर ठेवला. कुठे नेतात विचारलं तर सांगितलं, भांडारात.

सिस्टरची बदली नदीपलीकडे झाली, फक्त दारूच्या विभागात. जाताना गोळ्यांची पाकिटं मला देऊन गेली. रडत होती. म्हणाली, "तोंड उघडून बघत जा, ताई. आणि आवाजाचं सांगितलं ते विसरू नका."

रोज सकाळी देवाची पूजा झाली की मी आता माझ्या भावाला जीभ वर करायला सांगते. तो करतो. पण विनोद करत नाही.

ताई


२ एप्रिल

चिमे,

थोडक्यात लिहिते, डोकं दुखतंय.

नदीपलीकडच्या दवाखान्यात म्हणाले, याला भास होतात, आधी टेकडीवरून चिठ्ठी आणा. टेकडीवर गेलो तर म्हणाले, तोंडाला वास येतोय, आधी नदीपलीकडून सुटी होऊ द्या. वास येत होता, कारण खोली बंद झाल्यावर आठवड्यात त्याने दारू पुन्हा सुरू केली. परत नदीपलीकडे गेलो. सिस्टर दिसली, पण तिला आता गोळी द्यायची परवानगी नाही. पुलावर बस बंद पडली तेव्हा दादू म्हणाला, "ताई, तुमच्या चिमीला सांग, इथे पुलाच्या मधोमध एक खाट टाक म्हणावं. अर्धा मी या अंगाला झोपेन, अर्धा त्या अंगाला." बसमधली माणसं हसली. मीही हसले, आणि मग मला हसू आवरेना.

काल तुझा फोन आला. आराखड्याच्या जाहीर सुनावणीत मी बोलणार हे तुला यादीत दिसलं. तू म्हणालीस, "ताई, बोल अवश्य. पण तिथे आपलं नातं नको सांगूस. आराखड्यावर शंका घेतील लोक. माझी चौकशी लागेल." मी म्हटलं, बरं. इतक्या वर्षांनी 'ताई' म्हणालीस, त्यासाठी बरं म्हटलं.

दादूचं तू विचारलं नाहीस. मी वाट बघत होते. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

ताई


२८ एप्रिल

चिमे,

सुनावणीचा वृत्तान्त पोस्टाने आला. 'स्थानिक महिलांनी भावना व्यक्त केल्या. सूचनांची नोंद घेण्यात आली. कार्यवाही पुढील पाहणीनंतर.' त्याच्याच मागे लिहिते आहे. तूच तयार केला असशील, भाषा ओळखीची वाटली.

त्यात जे नाही ते मी लिहिते. तू मंचावर होतीस म्हणून तुला सगळं माहीत आहे असं नाही. मंचावरून मागची रांग दिसत नाही.

मी दादूला बरोबर आणलं होतं. घरी एकटा ठेवायची सोय उरलेली नाही. ह्यांच्या शेजारी शेवटच्या रांगेत बसवलं, इस्त्रीचा शर्ट घालून. त्या दिवशी तो प्यायलेला नव्हता. मी त्याला सांगितलं होतं, चिमी दिसेल तुला, पण हाक मारायची नाही. त्याने 'का' विचारलं नाही. केस पाण्याने चापून बसवले होते त्याने.

माझं नाव पुकारलं. मॅट्रिकच्या तोंडी परीक्षेनंतर एवढ्या माणसांसमोर मी उभी राहिलेली नव्हते. पण मनात देवाचं नाव घेतलं आणि बोलले. माझा भाऊ दारू पितो. माझ्या भावाला आवाज ऐकू येतात. पाहणीला मी सगळं ठीक सांगितलं, ते खरं नव्हतं. आमच्या घरात तो आहे, त्याला धरा. नातं मी सांगितलं नाही, दिलेला शब्द पाळला.

मग शिंपीणबाई उठली. पदर नव्हता तोंडावर. मग हवालदारीणबाई. मग मागून एक पुरुष उठला, त्याला मी ओळखतही नाही, म्हणाला, "मी स्वतःबद्दल सांगतो." सभागृहात वरच्या पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. दादूने वर बघितलं, त्याला ती सहन होत नाही.

अध्यक्षांचे डोळे भरून आले होते. भला माणूस असावा. म्हणाले, "या भगिनींनी आज आपल्याला लाजवलं. इथे मंचावर बसलेल्यांपैकी किती जण असं बोलू शकतील?" आणि वातावरण हलकं करायला म्हणून सहज तुझ्याकडे वळले. "काय मॅडम? तुमच्या घरी?"

चिमे, मी अजून माइकपाशीच उभी होते. तुझ्या आणि माझ्या मधे फार तर आपल्या स्वयंपाकघराएवढं अंतर होतं. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता. ज्या पोरीने भरल्या घरात ओरडून सांगितलं होतं ती आता उठेल. देवाशपथ, मला तसंच वाटलं. त्या एका क्षणात मी तुला सगळं माफ करून टाकलं होतं, घाई झाली माझी.

तुझा हात टेबलाच्या कडेवर गेला, चौकटीवर ठेवावा तसा.

"देवाच्या कृपेने सगळं ठीक आहे, सर."

'ठीक' वर तो जोर. 'आहे' गिळलेलं. तू नक्कल करत नव्हतीस, हे तुझा चेहरा बघून कळत होतं. तुला स्वतःलाही ते ऐकू आलं असेल, कारण तू लगेच पाण्याचा पेला उचललास.

लोक हसले, टाळ्या वाजल्या. आणि टाळ्या थांबल्यावर मागून दादूचा आवाज आला. उभा राहिला होता. लहान मुलासारखा, मोठ्याने.

"ताई, आई बोलली ना आत्ता?"

सगळ्यांनी माना वळवल्या. कुणी 'अरेरे' केलं. माझ्या बोलण्याला जिवंत पुरावाच मिळाला त्यांना. तू पेल्यात बघत राहिलीस.

मला काय म्हणायला शिकवलं होतं? 'मला नाही ऐकू आलं रे.' एवढं म्हटलं असतं की झालं. पण ऐकू आलं होतं. आणि त्याच्याशी खोटं बोलायचं नव्हतं. माइक समोर होता, माझं पुटपुटणंही सगळीकडे गेलं.

"हो रे. मी पण ऐकलं."

तो खाली बसला. इतका शांत चेहरा मी त्याचा कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

आता पुढचं वाच. त्या दिवसापासून तो गोळी घेत नाही. तोंड उघडतच नाही. म्हणतो, "तुलाही ऐकू येतं ना, ताई? मग आई आहे. मग हे औषध तिला घालवायला देतेस का?" दिवसभर दाराकडे तोंड करून बसतो. दारूसुद्धा मागत नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते आहे.

पहिल्या पत्रात लिहायचं टाळलं होतं, ते लिहिते. आईचा आवाज त्याला 'चल' म्हणतो. 'चल माझ्याबरोबर' म्हणतो. इतके दिवस त्याला ठाऊक होतं की हा आवाज खरा नाही, कारण ताईला ऐकू येत नाही. तेवढा एकच खुंटा होता, आणि तो मी उपटला. ह्यांनी घरातल्या सुऱ्या, दोऱ्या, सगळं कपाटात घालून किल्ली जानव्याला बांधली आहे.

मी त्याला सांगून बघितलं, अरे, ती आई नव्हती, चिमी होती ती. तर हसला. म्हणाला, "चिमी? चिमी असं कधीच म्हणणार नाही. आपल्या घरात खरं बोलणारी ती एकटीच."

तेव्हा तुमचा आराखडा राहू दे. वरची खोली राहू दे. नोंद, कार्यवाही, काही नको. मी आता सरकारकडे काही मागत नाही.

'पाऊल ठेवू नकोस' म्हटलं होतं ते मागे घेते. तू ये. मोटार गल्लीच्या तोंडाशी ठेव, शिपाई आणू नकोस. आमच्या दारात उभी राहा, चौकटीला हात लाव, दादूला समोर बसवते मी, आणि तेच वाक्य म्हण. त्याला तुझे ओठ हलताना दिसू देत. लागलं तर परत म्हण. तो 'परत कर' म्हणेपर्यंत म्हण. मग तो हसेल, नाहीतर तुला तोंडाला येईल ते बोलेल. तुझ्याबद्दल जे वाटतं त्याला, ते संपेल एवढं खरं. पण तोंड उघडेल, आणि गोळी माझ्या हातात तयार असेल.

पत्राने उत्तर पाठवू नकोस, कितीही चांगल्या कागदावर. कागद मी त्याला वाचून दाखवला तर त्यात माझाच आवाज येतो.

ताई